स्पीडब्रेकरचा अर्ज

गरम डांबराचा वास आला की आठवतं, तो अर्ज मी दिलाच नाही. वारज्याच्या आमच्या सोसायटीत लहान गावातून मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू होत्या. हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बस गेटसमोरून सुसाट जायच्या, म्हणून स्पीडब्रेकरसाठी त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. सेक्रेटरी मी होतो. "काकू, हे तुमचं गाव नाही," मी म्हणालो. "म्हणून तर अर्ज केलाय. गावात मीच दगड आणून टाकले असते," त्या म्हणाल्या. शेजारचे हसले आणि मला ते झोंबलं. महापालिकेत देतो म्हणून घेतलेला तो कागद मी कपाटात टाकला आणि त्यांनी विचारलं की "साहेब रजेवर आहेत" असं सांगत राहिलो. पावसाळ्यानंतर एका सकाळी अशाच एका बसनं त्यांना गेटसमोर उडवलं. आठवड्याभरात स्पीडब्रेकर झाला. तेराव्याला मुलगा माझे हात धरून म्हणाला, "आईच्या अर्जासाठी तुम्ही फार धावपळ केलीत." मी होकारार्थी मान हलवली. पुढे कितीतरी वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायचा. परवा त्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "तो अर्ज मी दाबून ठेवला होता. तुमच्या आईंचा मी अपराधी आहे. मला माफ करा."