खाऱ्या शेतातलं हिरवं

दोन वर्षं आमच्या घरात स्वतःच्या शेताचा तांदूळ शिजला नव्हता. पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या काठाला आमचं गाव. भरतीचं पाणी अडवायला शेतांभोवती मातीचा बांध होता, आणि एका मोठ्या उधाणाला त्याला खांड पडली, म्हणजे वीसेक हात रुंद भगदाड. तेव्हापासून दिवसातून दोनदा खाडी आमच्या शेतात येऊन जायची. बाबा मिठागरात मजुरीला जायचे. आई हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायची. पॉलिश पेपरने तिच्या बोटांची कातडी गेली होती. भाजीत मीठ टाकताना ती हात झटकायची.

पूर्वी खांड पडली की लगेच येणाऱ्या भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीला जोर नसतो तेव्हा, घरटी एक गडी बांधावर जायचा. जो जाणार नाही त्याच्या घरच्या लग्नाला गाव जात नसे. पण ही नव्वदनंतरची गोष्ट. निम्मे गडी कंपनीत लागले होते, काहींनी धाटावच्या कारखान्यांतल्या शिफ्टसाठी रोह्यात खोली केली होती. "माझा वाटा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या," म्हणायचे. दुसऱ्याचा वाटा कोण करतो? खांड तशीच राहिली.

मी तेव्हा रोह्याला मावशीकडे राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते.

एके दिवशी सरांनी वर्गात अनुक्रमण शिकवायला घेतलं. उघड्या जमिनीवर आधी शेवाळ, मग गवत, मग झुडपं, शेवटी जंगल. आधी आलेलं झाड मागून येणाऱ्याला जागा करून देतं. "जमिनीला एकटं सोडा," सर म्हणाले, "ती स्वतःला भरून काढते."

मी उभी राहिले. "सर, खारं पाणी शिरलेलं भातशेत सोडून दिलं तर?"

"मग आधी मोरस येईल, ते खाऱ्या मातीतलं बुटकं झुडूप, मग तिवराची झाडं. वीस-पंचवीस वर्षांत छान खारफुटी उभी राहील."

"आणि भात?"

"भात या क्रमात कुठेच नाही."

ते सहज बोलले आणि पुढे शिकवू लागले. त्या तासाचं पुढचं माझ्या वहीत काही नाही.

शनिवारी गावी गेले ती तडक शेतावर. पहिल्या वर्षी तिथे मिठाची पांढरी खपली होती. दुसऱ्या वर्षी मोरस आली, लालसर, बुटकी. आता मोरशीच्या मधून बोटभर उंचीची रोपं निघाली होती, इतकी दाट की पाऊल टाकायला जागा नाही. खांडीजवळची तर गुडघ्याला लागत होती. बेडूक, नाकतोडे, बगळ्यांची लगबग, भातशेताचं म्हणून जे जे असतं त्यातलं काही नव्हतं. चिखलात निवटे, ते खाडीतले मासे, उड्या मारत होते.

बाबा बांधावर उभे होते, खुशीत. "बघ गो, हिरवं धरलंय. खार मराया लागला. आता राता पेराया हरकत नाय." राता म्हणजे आमचा लाल भात.

खाऱ्या शेतात हिरवं आलं की खार उतरला, ही आमच्याकडची पिढ्यांची खूण. बांध धड असेल तर ती खरीही असते, पाऊस मीठ धुऊन नेतो आणि गवत उगवतं. पण आमचा बांध उघडा होता. अख्खं गाव त्या हिरव्याकडे बघून निवांत बसलं होतं.

"बाबा, हे तिवर हाय."

"मला तिवर शिकवतेस? तिवर बांधाच्या भायेर असतं."

मी गुडघ्याएवढ्या रोपाचं पान तोडून त्यांच्यापुढे धरलं. "खालच्या बाजूनं चाटून बघ."

"याड लागलंय काय तुला?" म्हणाले, पण चाटलं. थुंकले. मग स्वतः वाकून दुसऱ्या रोपाचं पान तोडलं, मग तिसऱ्याचं.

"ही झाडं खाडीचंच पाणी पितात आणि मीठ पानातून बाहेर टाकतात. खार हाय म्हणून ती आलीत. अजून दोन पावसाळे गेले तर इथं नांगर चालायचा नाय."

बाबा शेतभर बघत राहिले. खांडीतून भरतीचं पाणी आत येत होतं, काही आवाज न करता, घरच्यासारखं.

"किती रोपं असतील गो?" त्यांनी विचारलं. मी मोजायला गेले नाही.

बाबांनी पंच्यात पानं बांधली आणि घरोघर चाटायला दिली. शेजारचे म्हातारे काका म्हणाले, "पोरगी कालेजात पाला खायाला शिकली वाटतं." चाटल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि कोनाड्यातली विडी शोधू लागले. पलीकडच्या घरातली काकू दारातूनच म्हणाली, "आमचे शिफ्टला. गडी नाय घरात. मी आले तर चालंल?"

"चिखलाला काय कळतंय हात कुणाचा ते," बाबा म्हणाले.

पुढच्या भांगाला ओहोटी साधून काम सुरू झालं. खुंटांच्या दोन रांगा, मध्ये पेंढा आणि चिखल. तिसऱ्या दिवशी पाण्याने सगळं उचलून नेलं, खुंटांसकट. काही गडी त्याच पावली घरी गेले. त्यानंतरच्या भांगाला पुन्हा धरलं. या वेळी बाया जास्त होत्या, मीही होते. खांड बुजली. पण पहिलं उधाण आलं तेव्हा बाहेर पाणी छातीएवढं उभं, आणि आतल्या बाजूने बांधाची माती हळूहळू ओली, काळी होत चालली. ओहोटी लागेपर्यंत बाबा तिला तळहात लावून बसले होते.

बांध टिकला. तीन पावसाळ्यांनी खार धुऊन निघाला आणि शेताच्या वरच्या भागात राता पिकला. खालच्या तुकड्यात पाझर राहिला, तिथलं तिवर हटलं नाही, तो तुकडा गेला तो गेलाच. तोवर मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, पहिल्या वर्गात.