पुसलेली खूण

आपली सून खोटं बोलते, असा माधव नगरातल्या अहल्याबाईंना लग्नाच्या दिवसापासून संशय होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

सून चेक देशातली. नाव यित्का. मुलगा सौमित्र ब्रनो शहरात एका कारखान्यात इंजिनिअर होता, तिथेच दोघांची गाठ पडली. "आई, ती प्रोफेशनल टेनिस खेळायची. अकरा वर्षं तेच तिचं काम होतं," असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा अहल्याबाईंचा पहिला प्रश्न होता, "मग कप किती आहेत?"

कप नव्हते. शरच्चंद्र, म्हणजे अहल्याबाईंचे यजमान, गेल्यावर सौमित्र बायकोला घेऊन कायमचा उज्जैनला परतला. सामान उघडताना अहल्याबाई खुर्ची टाकून समोर बसल्या. रॅकेटी निघाल्या, तारा ताणायचं यंत्र निघालं, जाड लोकरी मोजे निघाले, आणि शेवटी एक मिक्सर निघाला.

"हा मी जिंकला," यित्का जरा अभिमानाने म्हणाली.

"बक्षीस म्हणून मिक्सर?"

"हो आई. छोटी स्पर्धा. दुसरी आली तिला इस्त्री."

अहल्याबाईंनी मिक्सर उलटा करून पाहिला. कुठेही नाव कोरलेलं नव्हतं.

आता उज्जैनसारख्या गावात राहून माणूस संशयी झाला नाही तरच नवल. सकाळी राम घाटावर चक्कर मारली की हिमालयात तप करून आलेले दोन-तीन जण तरी भेटतात, आणि त्यातला एखादा मागच्या जन्मीची ओळखही सांगतो. अहल्याबाईंनी असे पुष्कळ पाहिले होते. खोटं सांगणारा नेहमी मोठं सांगतो, हा त्यांचा अनुभव. यित्काचं मात्र उलटं होतं. तिला खोदून खोदून विचारलं की ती हरल्याच्याच गोष्टी सांगे. त्यामुळे अहल्याबाईंचा संशय आणखी वाढला. ही काहीतरी वेगळीच लबाडी दिसते, असं त्यांना वाटू लागलं.

यित्का सांगायची ते असं. तिचं गाव मोराविया भागातलं, लहानसं. वडील बस चालवायचे. गावाबाहेर लाल मातीची टेनिस कोर्टं होती, तिथे ती सहाव्या वर्षापासून खेळली. पुढे पोलंड, रोमानिया, तुर्कस्तान अशा देशांतून जुन्या मोटारीने फिरली. हॉटेल परवडलं नाही की मोटारीतच झोपायची. दुसऱ्या मुलींच्या रॅकेटींना तारा ओढून देऊन पेट्रोल भरायची. जगाच्या क्रमवारीत पहिल्या दीडशेत ती कधीच आली नाही. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत एकदाच पोचली आणि पहिल्याच सामन्यात हरून बाहेर पडली. मग गुडघा गेला आणि सगळं संपलं.

"इतकं हरत होतीस, तर खेळत कशाला राहिलीस गं?" अहल्याबाईंनी एकदा विचारलंच.

"स्पर्धा सोमवारी सुरू होते ना आई. दर सोमवारी वाटायचं, ह्या वेळी जिंकणार."

हे उत्तर अहल्याबाईंना मुळीच पटलं नाही.

उज्जैनला आल्यावर यित्काने मराठी मंडळाच्या सभागृहामागचं पडीक मैदान मागून घेतलं. परवानगी तोंडीच होती. मग ती वीटभट्ट्यांवर जाऊन फुटक्या विटांची पोती आणू लागली. शेजारीपाजारी विचारायला लागले, "अक्का, सूनबाई काय बांधून राहिल्यात? नगरपालिकेला विचारलंय का?" यित्का काही बांधत नव्हती. विटा कुटून, चाळून तिने त्याचा भुगा मैदानावर पसरला, पाणी मारलं, रूळ फिरवला. लालभडक कोर्ट तयार झालं आणि गल्लीतल्या मुली खेळायला येऊ लागल्या.

एका संध्याकाळी अहल्याबाई तिथे गेल्या तर शेजारची मृण्मयी जाळीचा झाडू ओढत कोर्ट झाडत होती.

"अगं, दिवेलागणीला केर काढतात का? आणि तुझ्या आईला माहीत आहे का, तू इथे झाडायला येतेस ते?"

"आजी, खेळून झालं की झाडायचंच असतं. मॅडमपण झाडतात."

फुकटात पोरींकडून काम करून घेते, हेही अहल्याबाईंनी मनात टिपून ठेवलं.

मग सिंहस्थ जवळ येऊ लागला आणि गावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेला भाव आला. एका मंडपवाल्याने मंडळाकडे ते मैदान कायमचं मागितलं. जागेचा निर्णय तिघांच्या हातात होता: अध्यक्ष भय्यासाहेब, चिटणीस माणिकराव आणि तिसऱ्या अहल्याबाई, कारण मैदान मंडळाला दिलं होतं त्यांच्या सासऱ्यांनी.

सौमित्रने आईला सरळ सांगितलं, "मैदान गेलं तर आम्ही पुण्याला जातो. तिथला एक क्लब यित्काला बोलावतोय. इथे ती नुसती घरात बसून काय करणार?"

पुन्हा रिकामं घर, पुन्हा फोनवरचा मुलगा. अहल्याबाईंना बैठकीत यित्काच्या बाजूने हात वर करता आला असता. पण मंडळाच्या बैठकीत उठून ही खरी खेळाडू आहे म्हणायचं आणि उद्या ते खोटं निघायचं, तर सासऱ्यांच्या नावाचं काय? मुलगा जवळ राहावा म्हणून खोट्याला पाठिंबा देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तोड भय्यासाहेबांनी काढली. "वहिनी, सीधी बात. आपला रुचिर युनिव्हर्सिटीत खेळलाय. सूनबाईंनी त्याला हरवलं तर मैदान त्यांचं. प्रोफेशनल होत्या ना? मग त्यात काय!"

रुचिर त्यांचा पुतण्या, पंचविशीचा. यित्का पन्नाशीला टेकलेली.

"मी कदाचित हरेन," घरी ती म्हणाली.

"मग नाही म्हण," सौमित्र म्हणाला.

"नाही. खेळते."

हरण्याची तयारी ही आत्ताच करून ठेवते आहे, हे अहल्याबाईंच्या लक्षात आलं.

रविवारी सकाळी अर्धं माधव नगर मैदानावर जमलं. माणिकराव उंच स्टुलावर पंच म्हणून बसले. अहल्याबाईंनी आपली खुर्ची मुद्दाम यित्काच्या टोकाला, पांढऱ्या रेघेच्या अगदी सरळ रेषेत मांडून घेतली. लबाडी झालीच तर ती इथून दिसणार होती.

यित्का फारशी धावली नाही. पण चेंडू जिथे पडायचा तिथे ती आधीच उभी असायची. रुचिर जोरात मारायचा आणि ती तो चेंडू संथपणे नको त्या कोपऱ्यात टाकायची. लोक आधी हसले, मग पुढे सरकून पाहू लागले. बरोबरी होत होत खेळ अशा जागी आला की पुढचा गुण रुचिरला मिळाला तर सामना संपणार होता.

रुचिरने सणसणीत फटका मारला. चेंडू यित्काच्या बाजूला रेघेपाशी पडला आणि मागे गेला.

"आउट!" माणिकराव ओरडले.

यित्काच्या बाजूने टाळ्या पडल्या. ती मात्र त्या जागी गेली, वाकली, मातीत उमटलेली खूण पाहिली आणि बुटाने पुसून टाकली.

"अरे, निशान मिटा दिया!" मागून कोणी ओरडलं. "पुसून टाकलं! सबके सामने!"

सापडली, असं अहल्याबाईंच्या मनात आलं, आणि मान खाली गेली. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरला होता आणि त्याचा आनंद मात्र कुठेच होत नव्हता. त्यांनी वर पाहिलं तर यित्का जाळीपाशी उभी होती आणि रुचिरपुढे तिने हात केला होता.

"चेंडू आत. तू जिंकला."

"पण काकू, आउट दिलाय," रुचिर गोंधळून म्हणाला.

"माणिकराव लांब आहेत, त्यांना नाही दिसलं. मला दिसलं. आमच्याकडे मातीवर असंच. माझ्या बाजूची खूण मी पुसली, म्हणजे मी मान्य केलं. भांडण नाही."

भय्यासाहेब पुढे आले. "हे बघा, पुरावाच राहिला नाही, आता काय मान्य आणि काय अमान्य! यात काहीतरी चाल आहे."

चाल असणारच, अहल्याबाईंनाही वाटलं. त्या नेटाने ती चाल शोधू लागल्या. लबाडी करणारा आपल्या फायद्यासाठी करतो. पंचांनी गुण हिलाच दिला होता, नुसती गप्प उभी राहिली असती तरी चाललं असतं. लोकांनी वाहवा करावी म्हणून? पण पुसताना हिने कोणाकडे पाहिलंही नव्हतं, आणि लोक तर शिव्या देत होते. दया मिळवायला? मंडपवाला तिथेच उभा होता, त्याला कसली दया. त्यांनी सगळ्या बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं. फायदा कुठेच सापडेना. आणि चेंडूने रेघेवरचा चुना उडवलेला त्यांनी स्वतः पाहिला होता.

"तर ठरल्याप्रमाणे मैदान..." भय्यासाहेबांनी सुरुवात केली.

"थांबा." अहल्याबाई उठल्या. "चेंडू आत होता. मी रेघेवरच बसले होते."

"म्हणजे सूनबाई हरल्याच की, वहिनी!"

"हरली. तिने तेच सांगितलं होतं, हरते म्हणून. आणि बाकीचंही तिने जे जे सांगितलं, ते खरंच असणार. माझं मत मैदान तिला द्या."

भय्यासाहेबांनी माणिकरावांकडे पाहिलं. माणिकराव स्टुलावरून उतरत कसनुसे हसले. "भय्यासाहेब, निकाल मी चुकीचा दिला आणि त्यांनी तो दुरुस्त केला. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

दोन विरुद्ध एक. मंडपवाला मोटारसायकलला किक मारून निघून गेला. सौमित्रने खिशातून फोन काढून पुण्याला कळवायला सुरुवात केली.

यित्का टॉवेलने तोंड पुसत आली आणि अहल्याबाईंच्या शेजारी जमिनीवरच बसली. गुडघा सुजला होता.

"थँक्यू, आई."

"थँक्यू नको. एका वर्षासाठी म्हणून लिहून घेणार आहे मी. आणि फाटकाला कुलूप लावायचं. किल्ली माझ्याकडे राहील."

"अजून विश्वास नाही?"

"तुझ्यावर बसला आजपासून," अहल्याबाई फाटकाकडे निघालेल्या भय्यासाहेबांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या. "आता बाकीच्यांवर लक्ष ठेवायचंय."