भैय्याजींनी भर गल्लीत मोडलेला पाय

भैय्याजी बारापात्रे यांनी स्वतःच्या हातानं एका पोरीचा पाय मोडला होता, ही बातमी मला त्यांच्याच तेरवीच्या पंगतीत, त्यांच्याच घरची बुंदी खाताना मिळाली. सांगणारी मागच्या नव्या अपार्टमेंटमधली. हुडकेश्वरला येऊन तिला वर्ष झालं नाही, आणि आमच्या गल्लीचा इतिहास मलाच ऐकवून राहिली होती.

"भर रस्त्यावर मोडला म्हणे. कडाडकन आवाज आला!"

मी म्हटलं, "बाई, आधी घास गिळा. पाय मोडला, खरं. भर रस्त्यावर, तेही खरं. पण पोरीचा नाही."

"मग कोणाचा?"

विचारलंच आहे तर सांगते. या गल्लीतली बातमी माझ्या फाटकावर थांबल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि त्या दिवशी तर मी फाटकातच उभी होते.

भैय्याजी एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. रिटायर झाल्यावर लोक घरी बसतात. यांनी दवाखानाच घरी आणून बसवला. सकाळी घरापुढच्या छपरीत लकव्याचे, कंबर धरलेले, मान आखडलेले अशी सगळी मंडळी. पाइपाला एक चरखी आणि दोरी टांगलेली. खांदा आखडलेल्या बायकांनी ती खालीवर ओढत बसायची. हातानं दोरी, तोंडानं मोहल्ला. माझा खांदा कधीचाच बरा झाला होता, तरी मी जायची. शेवटी एकदा म्हणाले, "शामलाबाई, खांदा उत्तम आहे तुमचा. आता जिभेलेही थोडा आराम द्या." फी विचारली की "उद्या पाहू" म्हणायचे. तो उद्या कोणाचाच उगवला नाही.

संध्याकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर मुलींना कबड्डी शिकवायचे, म्हणून गल्लीचे ते सर. तिथले गोटे त्यांनी पोरींसोबत वाकून वेचले होते. पोरी मिळवायला घरोघर फिरले, आणि सगळ्यात कडक दार होतं आटाचक्कीवाल्या महादेवरावांचं. हे मूळचे खापा गावचे. "पोरीनं चड्डी घालून मातीत लोळावं काय?" म्हणून त्यांनी तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा भैय्याजी दळणाचा डबा घेऊन रांगेत बसले. नंबर आल्यावर म्हणाले, "दळण राहू द्या, मिनलले द्या." त्याच मिनलचा, त्यांच्या लेकीचा, जिंकलेल्या कपासोबतचा फोटो पुढे चक्कीवर लागला, आणि गहू टाकायला आलेल्या प्रत्येकाला महादेवराव तो दाखवू लागले. पहिले नाही म्हणणारा बाप एकदा हो म्हणाला की त्याच्याएवढा उतावळा कोणी नसतो.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड पोळ्यानंतर लगेच होती. मिनल निवडली जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. आणि पोळ्याच्या दोन दिवस आधी सरावात पकड करताना तिचा गुडघा फिरला. रात्रीतून सुजून नारळाएवढा झाला. भैय्याजींनी हात लावून पाहिलं, पट्टी बांधली, मागेपुढे फळ्या लावल्या आणि सांगितलं, "आतला लिगामेंट गेला असावा. सुट्टी संपली की स्कॅन. तोवर चालायचं नाही, खेळायचं नाही, आणि कोणाले हात लावू द्यायचा नाही."

झालं! गल्ली पेटली. कोणी म्हणे सरांना दुसरी पोरगी पुढे करायची आहे. कोणी म्हणे म्हातारा घाबरट. पोळ्याच्या रात्रीपर्यंत तर सरांनीच पोरगी पाडली, इथवर गोष्ट पोचली होती. भैय्याजी ऐकत होते. त्यांच्या छपरीतली दोरी त्या दोन दिवसांत कोणी ओढली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरकराला काय सांगायचं! शहरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडत, पण आमच्याकडेही पोरं आपापला बडग्या बनवतात. वर्षभर ज्याचा राग असेल त्याचा पुतळा करायचा, ओरडत फिरवायचा आणि जाळायचा. त्या सकाळी आमच्या गल्लीतला गोलू आणि त्याची टोळी जो बडग्या घेऊन निघाली, त्याच्या गळ्यात शिटी होती. डोक्यावर भैय्याजींसारखी निळी टोपी. पोट मात्र दुप्पट. छातीवर पाटी: "पोरीचं नशीब खाणाऱ्या सरले घेऊन जा गे मारबत."

ढोल दुरून ऐकू येत होता, तेवढ्यात महादेवरावांच्या दारात ऑटो लागला. मिनलला दोघांनी उचलून आत बसवलं. मी विचारलं, "कुठं चालले भाऊ?"

"खाप्याले. मामा नस बसवतात आमचे. एक झटका, की माणूस चालत घरी. परवा पोरगी मैदानात."

मी भैय्याजींना हाक मारायला वळले, तर ते आधीच छपरीतून उतरले होते. पायात चप्पल नाही. सरळ येऊन ऑटोच्या पुढच्या चाकाला गुडघे टेकवून उभे राहिले.

"महादेवराव, तिले खाली उतरवा."

"सर, बाजूले व्हा."

"तो गुडघा ओढला तं आहे तेही तुटीन. मंग खेळणं सोडा, जिना चढता येणार नाही."

"तुमचं ऐकून तीन दिवस बसवली! तुमची पोरगी असती तं?"

"तरी असाच उभा राहिलो असतो."

"चालू कर बे ऑटो!" महादेवराव ओरडले. ऑटोवाल्यानं इंजिन चालू केलं. चाक भैय्याजींच्या नडगीला लागलं. ते हलले नाहीत. आत मिनल दोन्ही हातांनी गुडघा धरून कधी बापाकडे, कधी सरांकडे पाहत होती.

आणि तेव्हाच ढोल गल्लीत वळला.

गोलूला समोर पुतळा नाही, अस्सल माणूसच उभा दिसला. ढोलवाला थांबला. "घेऊन जा गे" एवढं निघालं, मारबत घशातच राहिली. पाटी वाचायला भैय्याजींना चष्मा लागला नाही, अक्षरं मोठी होती. मला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवेल आणि आम्ही त्याला कायमचे मुकू. कोण अडवणार होतं?

"गोलू, आण इकडं त्याले."

"सर, ते... आम्ही..."

"आण म्हटलं न बे."

बडग्या ऑटोला टेकवून उभा केला. भैय्याजींनी त्याच्या पायाचं कापड फाडलं. आत दोन बांबू, मांडीचा आणि पोटरीचा, गुडघ्यापाशी सुतळीनं आडवेतिडवे बांधलेले. त्यांनी बडग्याचा पाय हलवून दाखवला. पाय जागच्या जागी वाकला, सरळ झाला.

"मिनल, पाह इकडं. आपल्या गुडघ्यात अशाच दोऱ्या असतात. तुझी एक गेली." त्यांनी एक सुतळी दातानं तोडली. पाय लुळा पडला, पण लटकून राहिला. "आता हा आहे तुझा गुडघा. हा बसवता येते. ऑपरेशन करून, वेळ देऊन. अन् हा खाप्याचा झटका."

त्यांनी पाऊल दोन्ही हातांनी धरलं आणि हिसका दिला. कडाडकन बांबू फाटला. उरलेल्या सुतळ्या तुटल्या, पाय त्यांच्या हातात आला, आत भरलेलं तणस, सगळा पेंढा, रस्त्यावर सांडलं.

हाच तो आवाज, जो अपार्टमेंटवाल्या बाईंपर्यंत पोचला होता.

मिनल म्हणाली, "बाबा, मले उतरवा."

"मिनल..."

"मी नाही येत. उतरवा मले."

पुढचं आज सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. स्कॅनमध्ये लिगामेंट तुटलेलाच निघाला. ऑपरेशन झालं. त्या वर्षीची निवड गेली, पुढच्या वर्षीचीही गेली. भैय्याजी रोज तिचा पाय मांडीवर घेऊन व्यायाम करवून घ्यायचे. ती ओरडायची, हे मोजायचे. तिसऱ्या वर्षी ती संघात गेली, आणि तेरवीला पंगत वाढायला तीच होती, भरभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पण त्या सकाळी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. बापाला एवढंच दिसत होतं की हातातली संधी चालली. ऑटो रिकामा परत गेला. महादेवराव रस्त्यावर मधोमध उभे, आवाज फाटलेला.

"अन् पोरगी कधीच खेळली नाही तं, सर? मंग मी कोणाले धरू?"

भैय्याजी म्हणाले, "मले धरा. मी कुठं जाऊन राहिलो? समोरच तं राहतो."