पायरी धुतली ते पाणी

अपमान माझ्या आईचा झाला. यंदाच्या, १९७८ च्या उन्हाळ्यात, भर ग्रामसभेत.

सांगोल्याकडचं आमचं गाव. ग्रामसभा देवळाच्या मंडपात. वर सावलीत गाव बसायचं, खाली उन्हात आमची गावकुसाबाहेरची वस्ती. आम्ही बोलायचं ते खालूनच. त्या दिवशी आवाज वर पोचेना, म्हणून आई रिकामी घागर घेऊन पहिल्या पायरीवर चढली.

"सरपंच, आमच्या वस्तीला नळ कवा?"

"तुजा ल्योक मस्कतला हाय न्हवं? पानी इकत घे की!"

मंडप हसला. सरपंचानं शिपायाला खूण केली. शिपायानं कळशी आणून पायरीवर ओतली. पायरी बाटली म्हणून. आई तिथंच उभी. पाय भिजले. घागर कोरडी.

मी मागं बघितलं. म्हातारे, बाया, पोरं. नळासाठी पंचायतीच्या दारात धरणं धरून बसलेला माझा गवंडी दादा, त्याच्यासोबतचे सगळे तरणे आता मस्कतला. ज्यांच्या घरी पैसे येत ते बैलगाडीतलं पाणी विकत घेत आणि गप्प बसत. आम्हीही घेत होतो. मला आधी लाज वाटली ती त्या गप्प बसण्याची. पायरीची नंतर.

नळाचा अर्ज पडून. पण मस्कतला जाणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लगेच. शिवाय एस.टी.पाशी हार. दादाच्या गळ्यात हार घालताना सरपंच लई खुशीत होता. आम्हाला तो मान वाटला. भांडणाऱ्याला गावाबाहेर काढायची ती रीत होती. हारासकट.

दाखला मीही मागितला होता.

सरपंच मला म्हणाला, "तुजा बी दाखला तयार हाय. कवा जातोस?"

मी ओल्या पायरीवर, आईशेजारी चढलो.

"मला दाखला नको. नळ पायजे. आन् आता हितनंच बोलनार."

"ही धर," आई म्हणाली. घागर माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या पायरीवर चढली.

नळ अजून आलेला नाही. मी दादाला कळवलं, येत नाही.

वाचणाऱ्या, तुझ्या घरचंही कुणी तिकडं असेल. त्याच्या पैशानं पोट भर. तोंड शिवून घेऊ नकोस. पुढच्या ग्रामसभेला जा. खालून बोलू नकोस. पायरी चढ.