एका दिवसात सत्तर

कमरेचे मणके मी आईच्या पाठीवर मोजायला शिकले. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत गावी, कुंडलला आले की आई पालथी पडायची आणि मी पुस्तक शेजारी उघडं ठेवून एकेक मणका बोटांनी चाचपायची. "सगळं हायत का जाग्यावर?" ती विचारायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला शिकवायला जे जे लागलं, ते आईनं उसाच्या लावणीत आणि भांगलणीत वाकूनच मिळवलं.

तिची कंबर बरीच वर्षं दुखत होती. गेल्या वर्षी मात्र म्हशीखाली धारेला बसलं की तिला उठताच येईना. आप्पा, म्हणजे माझे वडील, स्वतः धारेला बसून बघायचे. पण म्हैस त्यांना पान्हा सोडायची नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर म्हैस विकायची. आई गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली.

मी तासाभरावरच्या मलकापूरच्या एका दवाखान्यात काम करते. आईच्या तपासण्या केल्या, त्यात घाबरण्यासारखं काही निघालं नाही. मग दर रविवारी मी कपांची पेटी घेऊन घरी जायला लागले. कप कमरेवर ठेवून पंपानं आतली हवा ओढली की कातडी वर उचलून येते. आईला त्याचं काही नवल वाटलं नाही.

"माजी आय पेटती वात ठिवून वर तांब्या लावायची की. तुज्यात वात न्हाई, एवढंच."

कप काढल्यावर लाल-जांभळी वर्तुळं उमटायची आणि एक-दोन दिवस तिला मोकळं वाटायचं. त्या मोकळेपणात व्यायाम सुरू व्हावा, हा माझा हेतू होता. उताणं झोपून, गुडघे उभे करून कंबर सावकाश वर उचलायची. रोज दहा वेळा.

"दिसभर वाकतीया की मी. आनी कसला व्यायाम?"

"ते काम झालं, आई."

"आनी कोन आलं मधीच, तर म्हनंल म्हातारी चळली."

तिसऱ्या रविवारी गेले, तर आई अंथरुणातून उठेना.

आप्पा म्हणाले, "काल दिसभर कंबर उचलत हुती. मला मोजायला बसवलं. सत्तर झालं."

"सत्तर? कशाला गं?"

"आठवडाभर जमलं न्हाई," आई म्हणाली. "तू इचारनार. म्हनलं, समदं एकदम उरकून टाकावं."

मी चिडले, ओरडलेही. मग चहा पिताना लक्षात आलं. आमच्या रानाला पाणी पाळीनं मिळतं. पाळी आली की जेवणखाण विसरून सगळं रान भिजवून घ्यायचं, कारण पुढची पाळी कधी येईल ते आपल्या हातात नसतं. आईनं कमरेलाही तसंच पाणी पाजलं होतं. मी मात्र तिला दवाखान्यातल्या कागदावरचं वाक्य तेवढं सांगून मोकळी झाले होते.

"आई, वरच्या तुकड्याला आप्पांनी ठिबक केलंय ना? तसं करायचं. थोडं थोडं, पण रोज."

ती कंबर धरून हसली. "आदी सांगायचं की गं मग! कालिजात ह्ये शिकवलं न्हाई व्हय?"

दुखणं ओसरल्यावर तिनं चारपासून सुरुवात केली, दार लावून. संध्याकाळी फोन यायचा, "ठिबक सोडलं गं." पुढं मी कप कमी केले, तेव्हा तिची तक्रार एकच, "डाग न्हाईत तर शेजारनीला दावू काय?"

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात व्यापारी म्हैस बघायला आला. आप्पांशी त्याचं बोलणं चाललेलं असताना आई बादली घेऊन म्हशीखाली बसली. धार संपली. उठताना तिनं खांबाला हात लावला, क्षणभर थांबली, पण उठली आपली आपणच. दुखणं पुरतं गेलं नव्हतं. थंडीत अजूनही कंबर धरते.

तिनं बादली माझ्या हातात दिली. "च्या टाक. पावण्याला दूध जास्त घाल."

आप्पांनी व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बस गड्या. च्या घे आनी जा."