पायाळूचा पाय

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण पायाळूनं पाय लावला की कमरेत भरलेली उसण जाते, असं शेवगावात सगळे मानायचे. म्हणून आमची शेजारीण दुष्काळी कामावर खडी फोडायला निघण्याआधी रोज आमच्या ओट्यावर पालथी पडायची.

"आज खांदा, वैनी." काल मांड्या, परवा मान. सरकारी डॉक्टरला काही सापडलं नव्हतं. माझी चूल खोळंबायची, मी वैतागायचे. "अगं, दुखणं एका जागी ठेव की जरा!"

"ते माझं ऐकतंय व्हय?" ती म्हणायची.

एकदा तिच्या सासूच्या कमरेत उसण भरली. मी पाय लावला आणि म्हातारी खरंच ताठ उभी राहिली. सुनेकडं बघत म्हणाली, "खरं दुखनं आसलं की आसं जातं. हिचं समदं सोंग हाय." मला माझ्याच पायाची चीड आली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण पुन्हा ओट्यावर हजर. "आता कशाला आलीस गं?" मी ओरडलेच.

ती सावकाश पालथी झाली. "लावा पाय, वैनी. आज घरी सांगते, समदं गेलं म्हनून."