रहेमानभाईंच्या गाद्यांवरचं नाव

आमच्या गावात रहेमानभाई पिंजारी आधी ऐकू यायचे आणि मग दिसायचे. दिवाळी उलटून हवेत गारठा आला की कुणाच्या तरी अंगणातून कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तातेचा टँव-टँव आवाज सुरू व्हायचा. जवळ जावं तर कापसाच्या धुरळ्यात एक किडकिडीत माणूस बसलेला असायचा. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, डोक्याला बांधलेलं फडकं पांढरं. संध्याकाळी आंघोळ करून चावडीवर आले की ओळखू यायचे नाहीत.

"गुरुजी, म्या म्हतारा फक्त धंद्यावर असतो," ते मला, शाळेच्या मास्तराला, म्हणायचे.

गादी भरून झाली की ते स्वतः तिच्यावर आडवे व्हायचे, दोन कुशी बदलायचे आणि मगच दाभणाचा शेवटचा टाका घालायचे. "आपल्याले रुतलं तं गिऱ्हाइकाले रुतते," एवढंच त्यामागचं शास्त्र.

हे सगळं दोन हजार साल उलटल्यानंतरच्या वर्षांतलं. तोवर आमच्या जिल्ह्याचं नाव कापसासाठी घेतलं जाई. मग वर्तमानपत्रात ते दुसऱ्याच कारणासाठी यायला लागलं. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते गाद्यांबद्दल.

घरातलं माणूस गेलं की त्याचं अंथरूण गावाबाहेर नाल्याच्या काठी टाकायचं, ही आमच्याकडची रीत. म्हातारं माणूस आपल्या मरणानं गेलं तर एखादं घर उशी ठेवूनही घेई. पण ज्यानं स्वतःच्या हातानं जीव दिला, त्याच्या अंथरुणाला कुणी बोट लावत नसे. त्या वर्षांत नाल्याचा काठ मोकळा दिसला असं मला आठवत नाही. पावसानं खोळी फाटायच्या, कापूस बोरीबाभळींना अडकून राहायचा. लांबून वाटावं, काटेरी झुडपांनाच बोंडं फुटली आहेत.

भागीरथाचा नवरा मारोती फवारणीचं औषध प्यायला. तेराव्या दिवशी सासरच्यांनी त्याची गादी नाल्यावर टाकली. दुसऱ्या सकाळी भागीरथा थेट रहेमानभाईंच्या दारात.

"रहेमानभाऊ, त्या गादीतला कापूस आमच्या वावरातला हाय. म्या माह्या हातानं वेचलता. आता त्याच्यावर कुत्रे बसून राह्यले."

"घरी आनून देऊ?"

"घरात कोन घेईन? सासू मले गादीसंगं बाहेर काढन."

रहेमानभाई उठले. जाऊन गादी उचलून आणली. खोळ जाळली, कापूस कडक उन्हात वाळवला आणि पिंजला. त्यांच्या बायकोनं, खातूनबीनं, बोरी अरबच्या बाजारातून आणलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची नवी खोळ शिवली. गादी तयार झाली, पण ठेवायची कुठे हे कुणालाच सुचेना. शेवटी ते ती सायकलवर बांधून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे पेशंटला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेलं माणूस व्हरांड्याच्या फरशीवर पडतं. त्या दिवशी फरशीवर कोण होतं, त्यांनी सांगितलं नाही. परत आले तेव्हा गादी नव्हती.

पुढे हेच त्यांचं काम होऊन बसलं. कुणी गेलं की सुतक फिटताना ते त्या घराच्या मागच्या दारी जात आणि बाईमाणसाला हळूच विचारत, "टाकता का देता?" बहुतेक बायका देत. त्या अंथरुणाचं पुढे काय होतं हे देणारीला माहीत असे, पण ती दुसरीला सांगत नसे. मेलेल्याच्या गादीबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही. मला माहीत होतं, कारण माझ्या आईचं अंथरूण मीच त्यांना दिलं होतं. एकदा मी विचारलंही, "लोकांना कळलं तर?"

"कापसाले थोडी मालूम असते गुरुजी, कोन मेला अन् कोन जगला? पिंजला का त्याच्यातलं मांगचं सारं निंगून जाते. मानसाचं तसं निंगत नाई, हे खरं."

हळूहळू दवाखान्याचा सारा व्हरांडा त्या पट्ट्यांच्या गाद्यांनी भरला. दर शुक्रवारी नमाज झाली की रहेमानभाई तिकडे जात, गाद्या उन्हात घालत, उसवलेलं शिवत. समोरच्या टपरीवाला धावजी त्यांना फुकट चहा पाजायचा आणि वरून चिडवायचा, "चाचा, तुमच्या गादीपायी मानसं पेशंट बरा झाला तरी घरी जात नाईत."

कापसाची धूळ अखेर छातीत बसली. दमा वाढला, आणि त्याच दवाखान्यात एका थंडीत ते गेले. ते खाटेवर होते आणि खातूनबी बाहेर व्हरांड्यात, त्यांनीच भरलेल्या गादीवर.

इद्दतचे, म्हणजे विधवेनं घरात राहायचे, चार महिने दहा दिवस संपल्यावर खातूनबी माझ्याकडे आली. उत्तमसिंग शोकसभा घेणार होते. उत्तमसिंगांची कापसाची जिनिंग होती आणि पंचायत समितीवर जायची इच्छा होती. माणूस वाईट नव्हता, पण मेलेल्या माणसाचा उपयोग कसा करायचा हे त्याला जिवंत माणसांपेक्षा चांगलं कळायचं.

"गुरुजी, मले सभेचं काई नाई," खातूनबी म्हणाली. "पन त्यायचं नाव कुठंच नाई. घर भाड्याचं, लेकरू नाई. त्या गाद्यायवर त्यायचं नाव घालतो म्या. तुमी फक्त खडूनं काढून द्या."

तिला लिहिता येत नव्हतं. मी दवाखान्यात जाऊन प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात खडूनं 'रहेमान' काढलं आणि ती माझ्या मागून लाल दोऱ्यानं भरत गेली. पहिल्या गाद्यांवरचा 'र' जरा वाकडा आला, पुढे हात बसला. माझ्या साऱ्या विद्यार्थ्यांत इतक्या मन लावून अक्षर गिरवणारं कुणी आठवत नाही.

सभा दवाखान्याच्या आवारातच झाली. फोटोला हार, मांडव, माईक. उत्तमसिंग उभे राहिले. "रहेमानभाई म्हणजे आपल्या तालुक्याचा कर्ण!"

मागून धावजी पुटपुटला, "कर्णानं कवच देल्लं, चाचानं गाद्या. झोपाले गादीच बरी." माणसं हसली. खातूनबीही पदराआड हसली.

मग उत्तमसिंगांनी विचारलं, "कुनाले दोन शब्द बोलाचे हायेत का?"

भागीरथा उठली. आयुष्यात कधी माईकपुढे उभी राहिली नव्हती. माईक तिनं दोन्ही हातांनी धरला.

"मले भाषन येत नाई. पन खरं सांगतो. माह्या मालकाची गादी नाल्यावर पडली होती. रहेमानभाऊनं उचलली. तिचीच पयली गादी अठी आली. मंग समद्यायच्या आल्या. जे जे गेले, त्या समद्यायच्या. माह्या मालकाच्या कापसावर किती गोरगरीब झोपले असन! मले वाटते, तो वाया नाई गेला."

ती रडत खाली बसली. त्या सभेत एवढं एकच खरं भाषण झालं.

कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेत मैनाबाई होती. तिची सून आदल्याच महिन्यात तिथे बाळंत झाली होती आणि नातू घेऊन ती स्वतः आठवडाभर त्या व्हरांड्यात राहिली होती. तिनं नाकाला पदर लावला.

"म्हंजे आमचं लेकरू औषध पेलेल्याच्या गादीवर निजवलं म्या?"

"मैनामाय, कापूस उन्हात वाळवून-पिंजून..." मी म्हणालो.

"तुमी गप बसा गुरुजी. तुमाले मालूम होतं?"

मी होय म्हणालो. त्यानंतर माझं कुणी ऐकलं नाही.

तिचा तो नातू आता शाळेत जातो. गोटीसारखा टणक आहे. हे मी मैनाबाईला सांगायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी धावजीचा निरोप आला. मी, खातूनबी आणि भागीरथा रहेमानभाईंच्या पुतण्याच्या, अब्रारच्या टेम्पोत बसून दवाखान्यात गेलो. गाद्या मागे, चिरफाडीच्या खोलीशेजारच्या कडुलिंबाखाली फेकलेल्या होत्या. नर्सबाई म्हणाल्या, लोक हात लावायला तयार नाहीत, मी काय करू? कुणीतरी ढिगाला काडी लावली होती. गादीतला दाबलेला कापूस भडकत नाही, तो आतल्या आत धुमसत राहतो. धावजीनं टपरीवरचं सगळं पाणी ओतलं होतं, तरी धूर निघत होता.

भागीरथा एकेक गादी उलटीपालटी करून पाहत होती.

"कोनती शोधून राह्यली?" खातूनबीनं विचारलं.

"पयली."

"बाई, त्यायनं दरवर्षी साऱ्यायचा कापूस एकात मिसळून पिंजला. आता कोन कोनाचा, कोनी नाई सांगू शकत."

भागीरथा तिथेच बसली. "माह्या तोंडानं झालं हे. म्या चांगलं सांगाले गेली होती वं."

"चांगलंच सांगतलं तू. ऐकनारे कच्चे निंगाले, त्याले तू काय करशीन?"

महिनाभरात उत्तमसिंगांनी दवाखान्याला रेक्झिनच्या नव्या गाद्या दिल्या. प्रत्येकीवर हातभर अक्षरांत त्यांचं नाव छापलेलं होतं. सौजन्य अमुक, शुभेच्छुक तमुक. त्या उन्हाळ्यात अंगाला चिकटतात आणि हिवाळ्यात गार पडतात. लोक त्या बाजूला सारून फरशीवर सतरंजी टाकतात. पण गाद्या आहेत, नाव आहे, आणि उत्तमसिंग पंचायत समितीवर निवडूनही आले. दवाखान्याच्या दारातल्या दानशूरांच्या फळ्यावर रहेमानभाईंचं नाव तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

वाचलेल्या गाद्या खातूनबीच्या अंगणात आल्या. तिनं त्या सगळ्या उसवल्या. जळका कापूस काढून टाकला आणि उरलेला नवऱ्याच्याच धनुकलीनं पिंजायला बसली. पिंजाऱ्याची बायको खोळी शिवते, तात धरत नाही. तिनं धरली. भागीरथा रोज मदतीला यायची. रहेमानभाईंचं स्वतःचं अंथरूणही त्याच ढिगात गेलं.

गाद्या भरून झाल्या तेव्हा मी गेलो. खातूनबी उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर एका गादीचा कोपरा, हातात ब्लेड.

"भाबी, हे काय करता?"

"दुसऱ्या तालुक्यात पाठवतो गुरुजी. अब्रार नेऊन टाकन. तिकडे कोनाले काई मालूम नाई. पन नाव पाहून कोनी ना कोनी विचारनच, हा रहेमान कोन. मंग सारं निंगन."

"एका गादीवर तरी राहू द्या."

"एकीवर राह्यलं का ते समद्यायवर राह्यलं." तिनं कोपरा उजेडाकडे धरला. वाकड्या 'र'ची गादी होती. ब्लेडनं टाके कापून ती एकेक दोरा उपसून काढत होती, कापडाला भोक पडू नये म्हणून हळूहळू. "तुमी चांगलं काढून देल्लतं. काढाले लई वेळ लागून राह्यला."

सगळ्या गाद्या कोऱ्या झाल्यावर तिनं दोऱ्याचा गुंता मुठीत घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि चुलीत टाकला.

त्या गाद्या आज जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात आहेत. मी दोनदा जाऊन पाहून आलो. माणसं त्यांवर गाढ झोपलेली होती. खातूनबी अजून मागच्या दारी जाऊन विचारते, "टाकता का देता?" त्या दवाखान्याच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते नेर असेल, उमरखेड असेल किंवा तिसरंच एखादं. कोपरा उजेडाकडे धरला तर सुईची बारीक भोकं अजून दिसतात. ती कशाची, हे तिथे कुणी विचारत नाही.